चार तक्रार क्रमांक, एक पत्र

पंचायत समितीच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर मी एकोणीस वर्षे काम केले. आलेले टपाल फोडायचे, प्रत्येक पत्रावर तारखेचा शिक्का मारून आवक क्रमांक घालायचा, ते कोणाचे, कशाबद्दल आणि कोणत्या टेबलाकडे हे नोंदवहीत लिहायचे आणि संध्याकाळच्या आत पुढे पाठवायचे, असे ते काम होते. ज्या पत्राचा विषय पहिल्या चार ओळींत समजत नसे ते कोणाकडे द्यायचे हे ठरेपर्यंत बाजूला ठेवावे लागे, आणि बाजूला ठेवलेल्या पत्रांचे पुढे काय होते हे मी जवळून पाहिले आहे. असे असूनही २०२३ च्या मे महिन्यात घरच्या फ्रिजबद्दल कंपनीला लिहायची वेळ आली तेव्हा माझे पहिले पत्र वाया गेले. दुसरे वाया गेले नाही. त्या दोन पत्रांत काय फरक होता आणि तो मला कसा कळला, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्या तासगावात माझ्या ओळखीची कितीतरी माणसे हमीच्या मुदतीत बिघडलेल्या वस्तूवर ‘लिहून काय होणार’ असे म्हणत पुन्हा खिशातून खर्च करताना मी पाहते.

आम्ही तो फ्रिज २०२२ च्या दसऱ्याला, म्हणजे ५ ऑक्टोबर रोजी, सांगलीच्या एका दुकानातून २८,४९० रुपयांना घेतला. हमीपत्रावर संपूर्ण फ्रिजसाठी एक वर्ष आणि कॉम्प्रेसरसाठी दहा वर्षे अशी मुदत छापलेली होती. आमच्या घरी फ्रिज ही केवळ दूध-भाजीची सोय नाही. सासूबाईंना दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते, आणि न उघडलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. त्या गोठूनही चालत नाहीत आणि तापूनही चालत नाहीत. आमच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा फ्रिज बंद पडणे म्हणजे औषध बंद पडण्यासारखेच असते.

९ मार्च २०२३ रोजी सकाळी दूध नासले आणि फ्रिजमध्ये हात घातल्यावर आत बाहेरइतकीच हवा असल्याचे लक्षात आले. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला, त्याने गॅस कमी झाल्याचे सांगून तो भरला आणि जाताना माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, तो मी दिला. ११ एप्रिलला पुन्हा तेच झाले, पुन्हा गॅस भरला गेला आणि पुन्हा ओटीपी दिला गेला. २ मे रोजी तिसऱ्यांदा तेच. पहिल्या दोन्ही वेळी गॅस भरल्यावर तीन-चार आठवडे फ्रिज उत्तम चालत असे आणि मग हळूहळू गार होणे थांबत असे.

तो ओटीपी म्हणजे काय असते हे मला फार उशिरा समजले. तंत्रज्ञाला तो आकडा सांगितला की कंपनीच्या संगणकात ती तक्रार ‘ग्राहक समाधानी, तक्रार बंद’ अशी नोंदली जाते. पुढच्या वेळी फोन केला की नवा क्रमांक पडतो आणि फोनवरची मुलगी अत्यंत नम्रपणे पहिल्यापासून विचारू लागते की फ्रिजचा प्लग नीट बसला आहे का. माझ्या दृष्टीने ती एकच, न सुटलेली तक्रार होती. कंपनीच्या दृष्टीने त्या तीन वेगवेगळ्या, वेळेत सोडवलेल्या तक्रारी होत्या, आणि त्यांच्या हिशेबात कदाचित आमचा फ्रिज चांगल्या सेवेचे उदाहरण म्हणून मोजला जात असेल. आमच्या कार्यालयात ज्याला ‘दप्तरी दाखल करणे’ म्हणत, म्हणजे प्रकरण संपले असे मानून कागद फाइलला लावून टाकणे, तेच येथे माझ्याच हातून माझ्याच तक्रारीचे तीनदा झाले होते.

तिसऱ्या वेळी आलेल्या मुलाने मात्र प्रामाणिकपणे सांगितले, “काकू, गळती आतल्या पाइपला आहे. फोमच्या आत. हे दुरुस्त व्हायचं नाही, कितीही वेळा गॅस भरा.” हे ऐकून मला दिलासाच वाटला, कारण निदान कारण तरी समजले होते. पण तो गेल्यावर जॉबशीट, म्हणजे केलेल्या कामाची नोंद असलेला कागद, पाहिली तर तिच्यावर एवढेच लिहिलेले होते, ‘गॅस चार्ज केला, कूलिंग ओके’. खाली माझी सही होती. तो जे बोलला ते हवेत गेले आणि जे लिहिले त्यावर मी स्वतः शिक्कामोर्तब केले होते.

६ मे रोजी मी पहिले पत्र लिहिले. ते हाताने लिहिलेले, साडेतीन पानांचे होते आणि सेवा केंद्राच्या व्यवस्थापकांच्या नावे होते. ते लिहिताना माझ्या मनात दोन महिन्यांचा संताप साठलेला होता, आणि तो सगळा त्या पानांवर उतरला. दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेली वस्तू, सासूबाईंचे हाल, फोनवर वाया गेलेले तास, पूर्वीच्या फ्रिजने सतरा वर्षे दिलेली साथ, हे सारे त्यात होते. तंत्रज्ञ मुलाचे नाव घेऊन, तो खोटी जॉबशीट लिहितो असा थेट आरोपही मी केला होता. त्यात बिलाचा क्रमांक नव्हता, फ्रिजचा अनुक्रमांक नव्हता, आणि मला नेमके काय हवे आहे हेही नव्हते. शेवट मी कार्यालयातल्या सवयीने केला होता: ‘तरी याबाबत योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती.’

त्या पत्राचे उत्तर ई-मेलने आले, तेही लवकर. संबंधित तंत्रज्ञाला समज देण्यात आली आहे, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आणि आपल्या फ्रिजची पुन्हा तपासणी करण्यात येईल, असा त्याचा आशय होता. १७ मे रोजी दुसरा तंत्रज्ञ आला, त्याने गॅस भरला आणि ओटीपी मागितला. म्हणजे माझ्या पत्रामुळे एक चौथा तक्रार क्रमांक तयार झाला आणि ज्या एका मुलाने मला खरे कारण सांगितले होते त्यालाच बोलणी खावी लागली. याचे मला आजही वाईट वाटते. त्या मुलांना भेटीमागे पैसे मिळतात, तक्रार बंद झाली नाही तर त्यांना जाब विचारला जातो, आणि फ्रिज बदलून द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नसतो. माझी तक्रार वस्तूबद्दल होती. मी ती माणसावर लिहिली आणि कंपनीने सोयीस्करपणे माणसापुरतीच ती मिटवली.

त्यानंतर मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तिचे काम पुढे गावोगाव पसरले त्या काळात गुरुजींनी अनेक वर्षे लोकांच्या तक्रारी लिहून दिल्या होत्या. त्यांनी माझे साडेतीन पानांचे पत्र शिसपेन्सिल हातात घेऊन शांतपणे वाचले. कुठेही खाडाखोड केली नाही. मग म्हणाले, “बाई, हे पत्र वाचून मला तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण मी जर त्या खुर्चीत असतो, तर आता नेमकं काय करायचं ते मला कळलं नसतं. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे काय, हे ठरवायचा अधिकार तुम्ही त्यांनाच दिलात. त्यांनी त्यांच्या मते योग्य ती केली.”

हे शब्द माझ्या मनाला फार लागले, कारण ते तंतोतंत खरे होते आणि मला ते कोणी सांगण्याची गरज पडायला नको होती. जिल्हा परिषदेकडून येणाऱ्या ज्या पत्रांवर आमच्याकडे त्याच दिवशी हालचाल होत असे, त्यांत ‘अमुक माहिती अमुक तारखेपर्यंत सादर करावी’ असे लिहिलेले असे. ज्यांत ‘योग्य ती कार्यवाही’ असे ती आम्ही वाचून ठेवून देत असू.

गुरुजींनी मला आठवडाभर पत्र लिहूच दिले नाही. आधी कागद गोळा करायला सांगितले. बिल मिळाले, हमीपत्र मिळाले, पण त्यावर दुकानाचा शिक्का असला तरी कंपनीचा पत्ता केवळ सेवा केंद्राचा होता. फ्रिजचा खोका माळ्यावर जपून ठेवलेला होता, तो खाली काढला. पाकिटबंद मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता आणि ग्राहकाने तक्रार कोणाकडे करायची त्याचा पत्ता, दूरध्वनी व ई-मेल छापणे वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे बंधनकारक आहे, हे मला तेव्हा समजले. खोक्याच्या एका बाजूला बारीक अक्षरांत ते सगळे होते. खोका फेकून दिला असता तरी कंपनीच्या संकेतस्थळावरून नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता मिळाला असता, कारण तो जाहीर करणे कंपन्यांना टाळता येत नाही. पण फोनवरून विचारला तेव्हा तो मला दोनदा दिला गेला नव्हता.

जॉबशीटच्या झेरॉक्स काढल्या. तीन होत्या, चौथी तंत्रज्ञाने दिलीच नव्हती. ती मागणारा ई-मेल पाठवला आणि तो ई-मेलही फाइलला लावला. मोबाइलमधले तक्रार नोंदवल्याचे आणि तक्रार बंद झाल्याचे आठही संदेश छापून घेतले. मग घरातला एक साधा तापमापक फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवून २२ मे ते २६ मे असे पाच दिवस सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता आकडा टिपला. गॅस भरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातही तो ९ अंशांच्या खाली आला नाही, आणि पाचव्या दुपारी १५ अंश होता. ‘फ्रिज नीट गार होत नाही’ हे वाक्य मी फोनवर किमान दहा वेळा म्हटले असेल, पण त्या पंधरा आकड्यांइतके ते कधीच बोलके नव्हते.

सांगलीतल्या एका स्वतंत्र दुरुस्तीकाराला ४०० रुपये देऊन घरी बोलावले. त्याने कशालाही हात लावायचा नाही, फक्त पाहून मत लिहून द्यायचे, असे आधीच ठरवले होते, कारण बाहेरच्या माणसाने फ्रिज उघडला तर हमी रद्द झाल्याचे कारण कंपनीला आयते मिळाले असते. त्याने बाहेरून दिसणारे सांधे तपासले, त्यांवर कुठेही गळती नाही असे पाहिले आणि आपल्या छापील बिलावर लिहून दिले की वारंवार गॅस कमी होणे आणि बाहेरच्या सांध्यांवर गळती नसणे यावरून गळती फोमच्या आतील नळीत असल्याचे दिसते, आणि फ्रिजची भिंत फोडल्याशिवाय तेथपर्यंत पोहोचता येत नाही. त्याने बोलता बोलता हेही सांगितले की आजकालच्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा वायू असतो आणि तो ज्वलनशील असतो. ते ऐकताच मी मनात ‘कुटुंबाच्या जीविताला धोका’ असे वाक्य तयार केले होते. गुरुजींनी ते लिहू दिले नाही. फ्रिजमधला तो वायू थोडा असतो, माझ्या स्वयंपाकघरात त्याने धोका झाल्याचा माझ्याकडे कोणताही पुरावा नव्हता, आणि पत्रातले एक विधान ताणलेले निघाले की उरलेली सगळी खरी विधानेही संशयाने वाचली जातात, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटले.

पत्र कोणाला लिहायचे यावर आम्ही बराच वेळ बोललो. सेवा केंद्राला लिहून उपयोग नव्हता, कारण त्यांच्या हातात गॅस भरण्यापलीकडे काही नव्हते. म्हणून ‘प्रति’ खाली कंपनीच्या ग्राहक तक्रार विभागाचे प्रमुख, नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर, आणि ‘प्रत’ म्हणून सेवा केंद्र आणि सांगलीचे दुकान, असे ठरले. दुकानदार आम्हाला आधीच ‘आमचा संबंध विकण्यापुरता, आता कंपनीशी बोला’ असे म्हणाले होते. परंतु पैसे मी त्यांना दिले होते आणि बिल त्यांनी दिले होते, त्यामुळे विक्रेता म्हणून त्यांना बाजूला होता येत नाही.

पत्र मी आधी मराठीत लिहिले आणि माझ्या भाच्याने त्याचे इंग्रजी केले, कारण कंपनीचे कार्यालय परराज्यात होते. दुकानाला आणि सेवा केंद्राला मराठी प्रत दिली. आधी मराठीत लिहिल्याचा फायदा असा झाला की मला काय म्हणायचे आहे ते माझ्या मनात स्वच्छ झाले. इंग्रजीत सुरुवात केली असती तर मी जड शब्दांच्या मागे लागले असते. ते पत्र एका पानाचे होते. विषयाची ओळ अशी होती: ‘फ्रिज, मॉडेल क्रमांक व अनुक्रमांक खालीलप्रमाणे: हमीच्या मुदतीत चार वेळा गॅस भरूनही गळती कायम असल्याने फ्रिज बदलून मिळण्याबाबत.’ त्याखाली ‘संदर्भ’ म्हणून बिलाचा क्रमांक व तारीख आणि चारही तक्रार क्रमांक एकाखाली एक लिहिले.

पहिला परिच्छेद मी येथे उतरवते, कारण त्याच्यावर सर्वांत जास्त वेळ गेला: ‘वर उल्लेखलेल्या चार तक्रारी आपल्या नोंदीत स्वतंत्र आणि निकाली निघालेल्या दिसत असल्या तरी त्या एकाच दोषाबद्दल आहेत. दि. ९ मार्च, ११ एप्रिल, २ मे आणि १७ मे २०२३ या चारही वेळी गॅस कमी झाल्याचे आढळून तो भरण्यात आला. ६९ दिवसांत चार वेळा गॅस संपणे हे दुरुस्तीने दूर न होणाऱ्या गळतीचे लक्षण आहे.’ माझ्या हातून चार तुकड्यांत बंद झालेली तक्रार पुन्हा एक करणे हेच त्या पत्राचे खरे काम होते, आणि ते या तीन वाक्यांनी केले असे मी मानते.

दुसऱ्या परिच्छेदात तापमानाच्या नोंदी आणि दुरुस्तीकाराचे मत यांचा उल्लेख होता. तिसऱ्यात दोन ओळींत सासूबाईंच्या इन्सुलिनबद्दल लिहिले: औषधाच्या तीन बाटल्या खराब झाल्या म्हणून टाकून द्याव्या लागल्या, त्यांची किंमत १,१४० रुपये, पावती सोबत. पहिल्या पत्रात याच गोष्टीला मी पाऊण पान दिले होते. दोन ओळी आणि एक पावती वाचताना सासूबाईंचे दुःख मी लहान केले असे मला क्षणभर वाटले, पण नंतर जाणवले की पाऊण पान वाचणाऱ्याला फार तर सहानुभूती वाटली असती, पावती मात्र त्याला फाइलला लावावी लागणार होती.

मागणी अशी होती: ‘हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत त्याच किंवा त्याहून अधिक क्षमतेचा नवा फ्रिज द्यावा, अथवा २८,४९० रुपये परत करावेत, तसेच औषधाचे १,१४० रुपये द्यावेत. पुन्हा गॅस भरण्यासाठी तंत्रज्ञ पाठवू नये, कारण ती दुरुस्ती चार वेळा निष्फळ ठरली आहे.’ हे शेवटचे वाक्य गुरुजींनी सुचवले. ते नसते तर पाचवा तंत्रज्ञ नक्की आला असता.

कायद्याबद्दल फक्त एक वाक्य होते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये ‘दोष’ आणि कलम २(११) मध्ये सेवेतील ‘त्रुटी’ यांची व्याख्या दिली आहे, आणि येथे दोन्ही लागू होतात, एवढेच. मुदतीत उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आणि त्यानंतर सांगली येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन, असे पुढच्या वाक्यात लिहिले. यात धमकीचा सूर नव्हता. मी खरोखर जे करणार होते तेच लिहिले होते. वर्तमानपत्रात देईन, पोलिसांत जाईन, अशी वाक्ये मी अनेकांच्या पत्रांत पाहिली आहेत, पण जे आपण करणार नाही ते लिहिले की समोरच्याला आपण उरलेलेही करणार नाही असे वाटू लागते. आयोगाबद्दल मी आधीच माहिती घेतली होती. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, म्हणजे कंपनीच्या गावी जावे लागत नाही; वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नसते, वकील देण्याची सक्ती नसते, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. हे सगळे मनात पक्के असल्यामुळेच मी ते एक वाक्य शांतपणे लिहू शकले.

२९ मे रोजी पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पत्र पाठवले आणि तेच त्या दिवशी ई-मेलनेही पाठवले. सोबत सर्व कागदांच्या झेरॉक्स जोडल्या. मूळ कागद एकही दिला नाही. दुकानात मी स्वतः गेले आणि माझ्याकडच्या प्रतीवर ‘मिळाले’ अशी सही, शिक्का आणि तारीख घेतली. दुकानदारांना ते आवडले नाही. मी त्यांना एवढेच म्हटले की दादा, तक्रार तुमच्यावर नाही, पण तुम्ही विकलेल्या वस्तूवर आहे, आणि कंपनीच्या माणसापर्यंत तुमचा आवाज माझ्यापेक्षा लवकर पोहोचतो. त्यांनी माझ्यासमोरच कंपनीच्या विभागीय प्रतिनिधीला फोन लावला.

पत्र २ जूनला पोहोचले. १२ जूनला विभागीय कार्यालयातून फोन आला. बोलणारे गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले की फ्रिज दुरुस्त करून देऊ आणि हमी आणखी एक वर्ष विनामूल्य वाढवून देऊ. मी त्यांना विनंती केली की आपण हे ई-मेलने कळवावे. त्यांनी कळवले, आणि मी लेखी उत्तर दिले की ज्या फ्रिजची गळती दुरुस्त होत नाही त्याची हमी वाढवल्याने इन्सुलिन सुरक्षित राहणार नाही, म्हणून हा प्रस्ताव मला मान्य नाही. फोनवर मी होकार किंवा नकार दोन्ही दिले नाहीत. तिसऱ्या जॉबशीटने मला शिकवलेली गोष्ट मी त्या वेळी लक्षात ठेवली.

पंधरा दिवस संपले. १९ जूनला, सोमवारी सकाळी, मी १९१५ या क्रमांकावर फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवली. तेथे मराठीत बोलता आले. ही हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण माझे पत्र तयार असल्यामुळे मला तेथे नव्याने काही सांगावे लागले नाही; विषयाची ओळ वाचून दाखवली आणि पत्र जोडले. येथेही मला पुन्हा प्लगबद्दल विचारले जाईल अशी भीती होती, ती खोटी ठरली.

२६ जूनला कंपनीचा ई-मेल आला. फ्रिज बदलून देण्यास तत्त्वतः मान्यता आहे, परंतु आठ महिने वापर झाल्यामुळे घसारा म्हणून मूळ किमतीच्या पंचवीस टक्के रक्कम ग्राहकाने भरावी, असे त्यात होते. घरात सर्वांचे मत पडले की सात हजार भरून प्रकरण संपवावे. यजमान म्हणाले, “अगं, निदान फ्रिज तरी येईल.” मलाही मोह झाला. पण हमीपत्र पुन्हा ओळ न ओळ वाचले, तर त्यात पहिल्या वर्षात वस्तू बदलून देताना घसारा कापण्याचे कलम कोठेही नव्हते. मी २७ जूनला चार ओळींचे उत्तर लिहिले: हमीपत्राच्या कोणत्या कलमाखाली ही कपात केली आहे ते कृपया कळवावे, पहिली तक्रार खरेदीनंतर साडेपाच महिन्यांच्या आत नोंदवलेली आहे, त्यानंतरच्या काळात फ्रिजचा नीट उपयोग झालेला नाही, हे आपल्याच चार नोंदींवरून दिसते. यापेक्षा एक शब्दही जास्त लिहिला नाही. ४ जुलैला कळवण्यात आले की कोणतीही रक्कम न घेता त्याच क्षमतेचा नवा फ्रिज देण्यात येईल.

औषधाचे १,१४० रुपये त्यांनी दिले नाहीत. त्यासाठी आयोगाकडे जायचे की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. सासूबाईच म्हणाल्या, “औषध आलं ना घरात? मग बास.” मी ती मागणी पुढे चालवली नाही, मात्र ‘सर्व मागण्या पूर्ण झाल्या, आता कोणतीही तक्रार नाही’ असा जो छापील मजकूर सहीसाठी आला, त्यावर सही करण्यापूर्वी तो मजकूर बदलून ‘फ्रिज बदलून मिळाला’ एवढाच ठेवावा असे कळवले, आणि त्यांनी तो बदलला. नव्या फ्रिजच्या हमीबाबतही मी लेखी विचारले. जुन्या हमीचे उरलेले तीन महिने मिळतील असे पहिले उत्तर होते. तेव्हा नव्या वस्तूवर नवे हमीपत्र मिळावे, कारण जुन्या हमीचे चार महिने दोषातच गेले, असे लिहिल्यावर नवे हमीपत्र फ्रिजसोबत येईल असे त्यांनी मान्य केले. पहिल्या पत्राच्या वेळी मला हे विचारायचे सुचलेही नसते.

१३ जुलैला दुपारी टेंपो आला. दोन माणसांनी फ्रिज आत आणून ठेवला, जुना बाहेर नेला, आणि त्यांतला एक जण घाम पुसत म्हणाला, “काकू, ओटीपी सांगा.” मी त्याला आधी पाणी दिले. मग खोक्यावरचा आणि फ्रिजच्या मागचा अनुक्रमांक एकच आहे का ते पाहिले, तो मंजुरीच्या ई-मेलमध्ये दिलेल्या मॉडेलशी जुळतो का ते पाहिले, हमीपत्रावर तारीख आणि शिक्का आहे का ते पाहिले. वाहतुकीनंतर फ्रिज काही तास तसाच उभा ठेवून मगच चालू करायचा होता, त्यामुळे तो गार होतो की नाही हे त्यांच्या समोर पाहणे शक्य नव्हते. म्हणून पोच देण्याच्या कागदावर सहीच्या वर मी लिहिले, ‘वस्तू मिळाली. चालू करून पाहिलेली नाही.’ त्या माणसाने ते वाचले, मान हलवली, आणि मी मोबाइल हातात घेऊन त्याला आकडा सांगितला.

रात्री नऊ वाजता फ्रिज चालू केला. सकाळी सात वाजता मधल्या कप्प्यातल्या तापमापकावर ४ अंश होते. तो आकडा मी फाइलमध्ये पंधरा आकड्यांच्या खाली, तारखेसह लिहिला आणि इन्सुलिनच्या बाटल्या शेजाऱ्यांच्या फ्रिजमधून परत आणल्या.